सागरगोटे आणि बत्तीस वाट्यांची फळी

माझ्या आजोळी, दाभोळच्या खाडीकाठी, माळ्यावर एक जड लाकडी फळी पडलेली असायची. दीडेक हात लांब, वीतभर रुंद आणि तिच्यात चार ओळींत कोरलेल्या बत्तीस वाट्या. त्यांतल्या दोन चौकोनी, बाकी सगळ्या गोल. हे आप्पेपात्र आहे, असा आम्हा मुलांचा ठाम समज होता. लाकडाचं आप्पेपात्र चुलीवर ठेवायचं कसं, असं मामूच्या मुलाने एकदा विचारलं. तेव्हा मोठी खाला म्हणाली, "जहाजावरचं आहे ते." एवढं उत्तर आम्हाला पुरलं. जहाजावर काहीही असू शकतं.

फळीबरोबर जाड कापडाची एक थैली होती आणि तिच्यात सागरगोटे. हे मात्र आमच्या ओळखीचे. किनाऱ्यालगतच्या कुंपणात सागरगोट्याचं काटेरी झुडूप चढलेलं असे. त्याच्या शेंगाही काटेरी. वाळून तडकल्या की आत राखाडी रंगाचे एक-दोन गुळगुळीत दाणे मिळत. मुली ते उडवून झेलायच्या. मुलगे फरशीवर घासून घासून तापवायचे आणि पुढे बसलेल्याच्या मानेला चटका द्यायचे. या दुसऱ्या खेळात मी तरबेज होतो. पण थैलीतल्या सागरगोट्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. "ते नानांचे आहेत," असं नानी म्हणायची. ती हे प्रेमाने म्हणते की रागाने, हे कळायचं माझं वय नव्हतं.

नानांना मी पाहिलेलं नाही. ते १९७० मध्ये गेले, माझा जन्म त्यानंतरचा. घरात त्यांच्याविषयी जे बोललं जाई ते एवढंच, की ते आधी जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी होते, मग १९५३ पासून झांझिबारला एका दुकानात कामाला राहिले, तीन-चार वर्षांनी एकदा रजेवर यायचे आणि १९६४ मध्ये कायमचे परत आले. येताना एक ट्रंक, ही फळी आणि ही थैली. ते ज्या बोटीने आले तिचं नाव 'करंजा'. मुंबई ते पूर्व आफ्रिका अशी फेरी करणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या दोन बोटी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असायच्या, 'करंजा' आणि 'कंपाला'. करंजा हे नाव झाडावरून की उरणजवळच्या गावावरून, यावर आम्ही पोरं भांडायचो.

फळीचं कोडं मला बऱ्याच उशिरा, मुंबईत नोकरी लागल्यावर उलगडलं. एका वाचनालयात आफ्रिकेवरचं चित्रांचं पुस्तक चाळत होतो. एका पानावर दोन म्हातारे घराबाहेरच्या दगडी ओट्यावर समोरासमोर बसलेले, डोक्यावर कोफिया टोप्या, भोवती बघ्यांचा घोळका आणि दोघांच्या मध्ये आमचं आप्पेपात्र. खाली लिहिलं होतं, बाओ.

स्वाहिली भाषेत बाओ म्हणजे फळी. आपण पाट म्हणतो आणि सारीपाट समजतो, तसंच. झांझिबार, लामू, मोम्बासा हा सगळा किनारा या खेळाने वेडा आहे. जगभरात एकाच घराण्याचे असे शेकडो खेळ आहेत आणि अभ्यासक त्यांना मिळून 'मंकाला' म्हणतात. अरबीतल्या 'नकल', म्हणजे हलवणे, या धातूवरून हा शब्द आला. या खेळांत फासा नसतो, राजा-वजीर नसतात, तुझी सोंगटी आणि माझी सोंगटी असा रंगभेदही नसतो. असतात फक्त खळगे आणि बिया. एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक टाकत जायचं. बघताना पेरणीच वाटते. इंग्रजीतही या चालीला पेरणी हाच शब्द आहे. बाजारात हल्ली झाडं, पानं, फुलं छापलेले 'निसर्ग' विषयाचे बैठे खेळ पुष्कळ मिळतात, भाचरांसाठी मीही एक-दोन आणले. चांगले असतात. पण या जुन्या खेळात निसर्गाचं चित्र नाही. खेळाचं सामानच झाडावरून येतं आणि चाल शेतातून येते.

सामान काय, तर जिथे जे बी सहज मिळेल ते. तमिळनाडूत पल्लांकुळी नावाचा दोन ओळींचा, चौदा खळग्यांचा पाट आहे. तो चिंचोक्यांनी किंवा कवड्यांनी खेळतात, आणि तो घरातल्या बायका-मुलांचा खेळ. कर्नाटकात त्याला अळगुळी मणे म्हणतात. श्रीलंकेत ओलिंदा. ओलिंदा म्हणजे आपली गुंज, सोनार जिने सोनं तोलायचे ती लाल-काळी गुंज. एडवर्ड लेन या इंग्रज लेखकाने १८३६ साली कैरोच्या लोकजीवनावर पुस्तक काढलं. त्यात कॉफीच्या दुकानांतून चालणाऱ्या मंकालाचं सविस्तर वर्णन आहे. बारा खळगे आणि बहात्तर कवड्या किंवा खडे. मादागास्करवर राहिलेल्या फ्लाकूर या फ्रेंच अधिकाऱ्याने तर १६५८ च्या ग्रंथातच तिथल्या अशा खेळाची नोंद करून ठेवली आहे.

हा खेळ मूळचा कुणाचा, यावर अभ्यासकांची शंभर वर्षं भांडणं चालू आहेत. एरिट्रियातल्या मतारा इथल्या उत्खननात सहाव्या ते आठव्या शतकांतले पाट मिळाले म्हणतात, तर कुणी दगडांवरचे खळगे दाखवून त्याच्या हजारो वर्षं मागे जातो. मला या भांडणात फारसा रस नाही. दगडातला खळगा खेळाचा की धान्य कुटायचा, हे खळगा सांगत नाही. आणि ज्या पोरांनी अंगणातल्या मातीत बोटाने खड्डे करून खेळ मांडला, त्यांचा पाट पहिल्या पावसात बुजला. खेळाच्या इतिहासात पुरावा नेहमी श्रीमंतांचाच जास्त टिकतो.

झांझिबारच्या बाओत कुठलं बी वापरतात, हे वाचलं तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. त्या बियांना तिकडे 'कोम्वे' म्हणतात आणि कोम्वे म्हणजे सागरगोटा. तेच झुडूप, तेच काटे, तोच राखाडी दाणा. नाना आफ्रिकेहून पिशवीभर सागरगोटे घेऊन आले होते, ते अशा गावात, जिथे परसाच्या कुंपणावर ते फुकट लोंबत होते.

या वनस्पतीविषयी थोडं सांगतो, कारण तिची गोष्ट नानांच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. संस्कृतात तिला लताकरंज म्हणतात. म्हणजे बोटीच्या नावावरच्या आमच्या भांडणात झाडाच्या बाजूला एक मुद्दा जास्त मिळाला. तिचं एक नाव कुबेराक्ष, कुबेराचा डोळा. दाण्याचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही, आणि आतला गर सुकून आकसतो, त्यामुळे मध्ये हवेची पोकळी राहते. म्हणून सागरगोटा बुडत नाही. वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगतो आणि जिथे किनारा लागेल तिथे रुजतो. उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर तो आहे, तो असाच. जिथे थंडीमुळे रुजू शकत नाही तिथेही तो पोचतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची हेब्रिडीज बेटं घ्या. समुद्राने आणून टाकलेले परदेशी दाणे तिथले लोक पोरांच्या गळ्यात बांधत, नजर लागू नये म्हणून. मार्टिन मार्टिन या प्रवाशाच्या १७०३ च्या पुस्तकात ही हकीकत आहे, आणि त्यांतला पांढरट दाणा सागरगोट्याचाच असावा असं वनस्पतीचे जाणकार मानतात. ते लोक खेळायचं सोडून दाणा गळ्यात बांधत होते याची मला उगाच हळहळ वाटली. मग आठवलं, आपणही तो बाळगुटीत उगाळतोच की.

तर बी समुद्राने इकडून तिकडे गेलं की तिकडून इकडे आलं, हे कुणी सांगू शकणार नाही. माणसं कशी गेली ते मात्र ठाऊक आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा सुटतो, स्वाहिलीत त्याला कस्काझी म्हणतात. या वाऱ्यावर कच्छ, कोकण आणि अरबस्तानातली गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची. नैर्ऋत्येचा कुसी सुटला की परत. मधले महिने खलाशी तिथेच अडकून असायचे. अडकलेल्या खलाशाला खेळ लागतो. आमचं दाभोळही एकेकाळी लहान बंदर नव्हतं. १५०८ च्या डिसेंबरात आल्मेदाने ते जाळलं, ते काही मासेमारीच्या गावावर राग म्हणून नव्हे.

१८४० च्या सुमारास ओमानच्या सय्यद सईद बिन सुलतानने आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलवली आणि बेटावर लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या. ओमानमध्येही बाओसारखाच चार ओळींचा 'हवालीस' नावाचा खेळ आहे. तिकडून इकडे की इकडून तिकडे, हा पुन्हा तोच प्रश्न. लवंगेच्या बागांत राबायला मुख्य भूमीवरून, पार न्यासा सरोवराकडून, गुलाम आणले जात. त्या सरोवराकाठचे चेवा लोक आजही 'बावो' खेळतात. म्हणजे ज्या वाटेने साखळदंडातली माणसं चालत किनाऱ्याला आली, त्याच वाटेने हा खेळ कुठल्या तरी दिशेला गेला असणार. या व्यापाराला पैसा कुणी पुरवला, हेही लिहिलं पाहिजे. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कितीतरी वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि बागाईतदार अरब हिंदी सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. गुलामांचा बाजार बंद झाला १८७३ मध्ये, सुलतान बरघशने इंग्रजांच्या दबावाखाली करार केला तेव्हा. बाओत प्रतिस्पर्ध्याच्या बिया खाणाऱ्या चालीला 'म्ताजी' म्हणतात. स्वाहिलीत म्ताजी म्हणजे भांडवल, मुद्दल. हा शब्द खेळात कुणी आणला असेल, असा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आमचे कोकणी लोक या पेढ्यांच्या मानाने फार खालच्या पायरीवर होते. खलाशी, भंडारी, शिंपी, दुकानातले नोकर. ते सावकार नव्हते, पण कातडीच्या रंगाने सावकारांच्या बाजूचे धरले गेले. १० डिसेंबर १९६३ ला झांझिबार स्वतंत्र झालं आणि जेमतेम महिनाभराने, १२ जानेवारी १९६४ ला, क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब मारले गेले, हिंदी लोकही मारले गेले, दुकानं लुटली गेली. त्या वर्षी मुंबईच्या धक्क्यावर एकेक ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसांत आमचे नाना एक. ट्रंकेत जागा नसताना ही शिसवासारखी जड फळी त्यांनी का आणली, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "त्यांना हवी असेल." पुढे बोलणं तिने भाजीकडे वळवलं.

मागच्या मे महिन्यात आजोळी गेलो तेव्हा फळी माळ्यावरून उतरवली, पुसली, खोबरेल तेल लावलं. मोठी खाला आता सहासष्ट वर्षांची आहे. ती पडवीत पोफळीची शिरोटी सोलत बसली होती. नियम मी वाचून आलो होतो. खऱ्या बाओची मांडणी अवघड असते. एकूण चौसष्ट बिया, प्रत्येकाला बत्तीस. सुरुवातीला प्रत्येकाच्या फक्त दहा पाटावर, त्यांतल्या सहा चौकोनी वाटीत आणि उजवीकडच्या दोन वाट्यांत दोन-दोन. उरलेल्या बावीस हातात, त्या एकेक करून डावात आणायच्या. खाल्लेली बी पाटाबाहेर जात नाही, ती आपल्या बाजूच्या वाट्यांत पेरायची असते. त्यामुळे सगळ्या बिया पाटावर आल्या की शेवटपर्यंत तितक्याच राहतात, कुणाकडे किती एवढंच बदलतं. ज्याची आतली ओळ रिकामी झाली तो हरला. लिडन विद्यापीठाचे अलेक्स द वोख्त यांनी १९९५ साली झांझिबारच्या बाओपटूंवर प्रबंध लिहिला. डाव मनात किती दूरवर धरता येतो, हाच त्याचा विषय.

मी खालाला हे समजावत होतो आणि पुस्तकातल्यासारखं सहा-दोन-दोन मांडत होतो. तिने शिरोटी खाली ठेवली आणि म्हणाली, "असं नाही. प्रत्येक घरात दोन-दोन टाक."

मी थांबलो. तिला कसं ठाऊक?

"बाबांनी शिकवलं ना. मी सहा वर्षांची होते. ते नुकतेच आले होते तिकडून." मग तिला एकेक शब्द आठवत गेला. बीला केते. शेवटचं बी रिकाम्या घरात पडलं की 'लाला', म्हणजे नीज, डाव संपला. चौकोनी घराला न्युम्बा. हे सगळे जहाजावरचे शब्द, असं ती साठ वर्षं समजत होती.

मराठीत पाटावरची प्रत्येक जागा घरच असते. बाओत घर एकच, न्युम्बा, ते चौकोनी. त्याला खास हक्क असतात. डावाच्या पहिल्या टप्प्यात खात खात आलो आणि शेवटचं बी स्वतःच्या भरलेल्या घरात पडलं, तर खेळणाऱ्याला मुभा असते. हवं तर तिथेच थांबायचं. नाही तर घरातल्या सगळ्या बिया उचलून पुढे निघायचं, याला म्हणतात सफारी. आपली सफर, तोच अरबी शब्द. मात्र एकदा सफारीला निघालं की त्या वाटीचा घर म्हणून असलेला हक्क त्या डावापुरता संपतो. नंतर तिच्यात कितीही बिया जमल्या तरी ती बाकीच्यांसारखी एक साधी वाटी. न्युम्बाचा हा कायदा खालाला ठाऊक नव्हता. तिला फक्त दोन-दोनचा खेळ येत होता.

आणि तिथेच मी अडकलो. कारण दोन-दोनच्या मांडणीला स्वाहिलीत वेगळं नाव आहे, बाओ ला कुजिफुन्झा. शिकायचा बाओ. ओट्यावर बसलेले पुरुष तो खेळत नाहीत. तो पोरांना शिकवतात. नाना तो सफाईने शिकवत होते. खालाच्या आठवणीत ते न अडखळता, तिचं बोट धरून, वाटी वाटीने 'मोजा, म्बिली, ताटू' असं मोजत जायचे. एक, दोन, तीन.

मी खालाकडे पाहिलं. ती मूर्ख नाही. मी न विचारलेला प्रश्न तिलाही कळला.

"अम्मी आतून हाक मारायची," ती म्हणाली. "आम्ही खेळायला बसलो की हमखास. पाणी आण, दिवा लाव, काहीतरी. मग एके दिवशी फळी माळ्यावर गेली."

झांझिबारच्या दुकानात एकटा राहणारा माणूस शेजारच्या पोरांनाही शिकवू शकतो. मालकाच्या मुलांना शिकवू शकतो. इतिहास लिहिणाऱ्याने एवढ्याशा पुराव्यावर घर उभं करू नये, हे मी इतरांना सांगत आलो आहे. नानीनेही बहुधा तेवढ्याच पुराव्यावर जे समजायचं ते समजून घेतलं. तिने कधी काही म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. फासा नाही म्हणजे जुगार नाही, म्हणून खेळाला तिचा मजहबी आक्षेप नव्हता, एवढं खालाने मुद्दाम सांगितलं.

थैली ओतून मोजली तर सागरगोटे सत्तावन्न निघाले. मी पुन्हा मोजले, सत्तावन्नच. म्हटलं, उंदरांनी नेले असतील. खाला हसली. "उंदीर कसला नेतोय. अम्मी गुटीला घ्यायची त्यातले. कुंपणातले नाही घ्यायची. हेच फोडायची. तुझ्या गुटीतही सहाणेवर त्यातलाच वेढा दिलाय तिने."

ज्या सागरगोट्यांना आम्ही हात लावायचा नव्हता, ते ती एकेक करून आम्हाला पाजत होती. हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं.

सात कमी होते. मी पायऱ्या उतरून किनाऱ्याच्या कुंपणाकडे गेलो. मे महिना, शेंगा तडकलेल्या होत्या. हात थोडा ओरबाडला. सात दाणे आणून थैलीतल्यांत मिसळले तेव्हा जरा निराळे दिसत होते. जुने हाताळून काळपट आणि तुकतुकीत झालेले, नवे फिकट. पण चार डावांनंतर खालाला आणि मला कुठले कुठले ते ओळखता येईनात. पहिले दोन डाव ती जिंकली. तिसऱ्याला मी तिला न्युम्बाचा कायदा सांगितला. ती बराच वेळ चौकोनी वाटीवर बोट ठेवून बसली. मगरिबची अजान झाली तेव्हाही तिची चाल बाकीच होती.